दीपालीच्या काळजातलं लोखंड

"अंगावरचं लोखंड बाहेर ठेवा" हे वाक्य मी आयुष्यात जितक्यांदा म्हटलंय, तितक्यांदा स्वतःच्या लेकराला जेवायला ये म्हणून हाकही मारली नसेल. परभणीतल्या एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये मी एमआरआयचं यंत्र चालवते. केस पांढरे झाले, चष्मा लागला, यंत्रही बदललं, पण वाक्य काही बदललं नाही. किल्ल्या, सुट्टे पैसे, मोबाईल, केसातल्या पिना, दाताची कवळी, सगळं बाहेर काढून ठेवायचं. कारण आतलं चुंबक कधीच बंद नसतं. लोकांना वाटतं आम्ही बटण दाबलं की ते चालू होतं. तसं नाही. सुट्टीच्या दिवशी कुलूप लावून आम्ही घरी जातो तेव्हाही ते आत तसंच जागं असतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा संपादक म्हणाले, "तुमच्या कामातल्या गमतीजमती येऊ द्या." गमती काय, पोत्यानं आहेत. छातीच्या स्कॅनला मंगळसूत्र काढावं लागतं. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण फोटो नासवतं. आणि आमच्याकडच्या बाया, विशेषतः वयस्कर, "ते मेल्यावरच निघंल" म्हणून बसून राहतात. कितीजणी तशाच परत गेल्या असतील. शेवटी मी माझ्या ड्रॉवरमध्ये पिवळा दोरा आणि हळकुंडं ठेवायला लागले. मंगळसूत्र तुटलं की दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालतात, तेच मी करते. गळा मोकळा राहत नाही आणि हळकुंडाला चुंबक काही करत नाही. आमचे सर, म्हणजे फोटो बघून रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट, त्यांनी ड्रॉवर उघडून विचारलं होतं, "हा कुठल्या कंपनीचा पार्ट आहे?"

पालमकडचे एक आजोबा होते. हृदयाचा फोटो काढताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर फोटो हलतो. मी माईकवरून सांगितलं, "श्वास घ्या, सोडा, थांबा." थांबले. फोटो झाला, मी म्हटलं, "घ्या आता श्वास." आजोबा घेईनात. चेहरा लालबुंद. मी पळत आत गेले तर म्हणाले, "तुमी थांबा म्हनल्या. बाईमानसानं थांब म्हनल्यावर म्या घरी बी हलत न्हाई."

असलंच सगळं लिहायचं ठरवून बसले होते. पण पेन हातात घेतलं की दर वेळी डोळ्यांपुढं एकच मुलगी येते, येलदरीची दीपाली. तिचं लिहिल्याशिवाय बाकीचं काही लिहून व्हायचं नाही, म्हणून हसण्याचं खातं इथंच बंद करते.

दीपालीला थॅलेसेमिया होता. हा रक्ताचा जन्मजात आजार. आई आणि बाप दोघंही वरून ठणठणीत असतात, पण दोघांकडूनही तोच दोष लेकरात उतरला की त्याच्या शरीराला धड रक्त बनवता येत नाही. मग दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त भरायचं, जन्मभर. रक्त चढलं की कोमेजलेलं पोर पुन्हा उठून पळतं. पण रक्तात लोह असतं. प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोह अंगात येतं, आणि जादाचं लोह बाहेर टाकायची सोयच आपल्या शरीरात नाही. ते साचत जातं. यकृतात साचतं, ग्रंथींमध्ये साचतं, म्हणून ही मुलं खुजी राहतात, मुलींना पाळी उशिरा येते किंवा येतच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं. वेळेवर रक्त मिळणाऱ्या या मुलांचा घात बहुतेक वेळा तिथंच होतो. म्हणून लोह बाहेर काढणारं औषध त्यांना रोज घ्यावं लागतं, रक्ताइतकंच नेमानं.

हृदयात किती लोह गेलं हे ओळखणं मात्र अवघड. रक्ताच्या तपासणीतून सगळ्या अंगाचा अंदाज येतो, हृदयाचा येईलच असं नाही. इको नावाची हृदयाची सोनोग्राफी असते, ती हृदय किती जोर लावतंय ते दाखवते. पण लोहानं भरलेलं हृदयही बरीच वर्षं नेटानं काम करत राहतं, कुणाला पत्ता लागू देत नाही, आणि मग एकाएकी हात टेकतं. एमआरआयमध्ये ते आधी कळतं. आम्ही हृदयाच्या एकाच जागेचे डोळ्याचं पातं लवायच्या आत लागोपाठ फोटो घेतो. निरोगी स्नायू त्यात हळूहळू काळा होत जातो. लोह असेल तर झटकन काळा पडतो. किती वेळात काळा पडला त्याचा एक आकडा निघतो. वीसच्या वर आकडा आला की आम्ही चहा प्यायला मोकळे. दहाच्या खाली आला तर चहा तसाच राहतो.

दीपाली आली तेव्हा बारावीला होती. उंचीनं सातवीतली वाटायची, पण बोलायला वकील. बाप येलदरीच्या धरणावर मासेमारी करतो. आई कौशल्याबाई, किडकिडीत, काटक बाई. लेकीला अंगावर पाजत होती तेव्हापासून रक्त भरायला आणत होती. ऊन असो, संप असो, एसटी बंद पडो, तिची फेरी चुकली नव्हती. रक्त भरायच्या वॉर्डात बाकीच्या आया तिला 'येलदरीची मावशी' म्हणायच्या. नवीन लेकरू आलं की त्याच्या आईला पहिला धीर कौशल्याबाईच द्यायची. सुई लावताना पोराला कसं धरायचं, कुठं डबा गरम करून मिळतो, सगळं तीच शिकवायची. सरकारी दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी दीपालीला आमच्याकडं पाठवलं होतं. इको चांगला होता. पण रक्तातलं लोह वाढत चाललं होतं, म्हणून एकदा हृदय बघून घेऊ म्हणाले.

मी नेहमीप्रमाणं समजावून सांगितलं, की हिच्या अंगात लोह साचतं, ते हृदयात किती आहे ते या चुंबकानं कळतं. कौशल्याबाई माझ्याकडं बघतच राहिली.

"अंगात लोखंड हाय म्हनता आन चुंबकात घालता? लेकरू चिटकंल की वरी!"

मला हसू आलं, पण प्रश्न खोटा नव्हता. तिला सांगितलं की हे लोह कणाकणानं पसरलेलं असतं, खिळ्यासारखं ओढलं जात नाही.

"बगा बरं ताई," ती म्हणाली. "एकलंच हाय लेकरू."

दीपालीला मी आत झोपवलं, छातीला ठोक्यांच्या तारा लावल्या, वरून फोटोचे सिग्नल पकडणारी छातीची जाळी बांधली आणि श्वासाचा सराव घेतला. हृदयाच्या फोटोला श्वास आत घेऊन नाही, बाहेर सोडून थांबायचं असतं.

"छाती रिकामी करून थांबायचं?" ती म्हणाली. "असं कोन बुडी मारतंय?"

"तू मारतेस बुडी?"

"रक्त भरल्यावर आठ दिवस. बाबासंगं. आईला सांगू नका."

"आणि पुढं काय करायचं ठरवलंयस?"

"विद्यापीठात शेतीचं शिकायचंय. इथंच ऱ्हायचं हॉस्टेलला. आई म्हनती, तुझं रक्त कोन भरंल. म्हनलं, गावात ऱ्हाऊन तरी तू भरतीस का, नर्सच भरतात न्हवं?"

मी बाहेर येऊन काचेमागं बसले. पोरीनं श्वास असा धरला की काय सांगू. एरवी मला फोटो तीन-चारदा घ्यावे लागतात. मुलं हलतात, खोकतात, घाबरतात. हिचे पहिल्याच वेळी असे स्वच्छ आले की नव्या टेक्निशियनला शिकवायला दाखवावेत. कडा अगदी रेखीव. मी खूश होऊन पुढचे फोटो उघडले आणि माझा हात माउसवरच राहिला.

पहिल्या फोटोत स्नायू करडा होता. दुसऱ्यात काळा. त्यापुढच्या सगळ्या फोटोंत हृदयाच्या जागी नुसतं भोक दिसत होतं. मला वाटलं माझं सेटिंग चुकलं. पुन्हा घेतले. तेच. तारा तपासल्या, जाळी सरळ केली, तिसऱ्यांदा घेतले. आत दीपाली बोलतेय, "म्याडम, अजून धरू का? मला येतं अजून." आणि मी पुन्हा पुन्हा तेच फोटो उघडतेय. एरवी खराब फोटोवर खापर फोडता येतं. ह्या पोरीनं तेवढीही जागा ठेवली नव्हती.

सरांना बोलावलं. त्यांनी आकडा काढला, पुसला, पुन्हा काढला. सहा.

"हिचा इको नॉर्मल आहे?" सरांनी विचारलं.

"मागच्याच महिन्याचा आहे, सर."

सरांनी इकोचा कागद मागून घेतला. बारावीची पोर, बुड्या मारते, वकिलासारखी बोलते, आणि तिचं हृदय कुठल्याही दिवशी थांबेल अशा अवस्थेत. मी कितीतरी आजार या पडद्यावर पाहिलेत, गाठी पाहिल्यात, तुटलेले मणके पाहिलेत. पण त्या दिवशी मी मुळासकट हादरले.

आमच्या धंद्याचा नियम आहे, टेक्निशियननं निदान सांगायचं नाही. "काय निघालं ओ?" म्हणून नातेवाईक दारातच गाठतात, तेव्हा "रिपोर्ट सर देतील" म्हणायचं आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मला ते चांगलं जमतं. घरचे म्हणतात तुझं तोंड बघून वरण खारट झालंय का गोड तेही कळत नाही. त्या दिवशी दार उघडलं आणि कौशल्याबाई माझं तोंड बघून उभीच राहिली.

सरांनी तिला केबिनमध्ये बसवलं. नीट, हळू आवाजात विचारलं, औषध रोज चालू आहे का. ती म्हणाली, "व्हय जी. दर महिन्याला घेऊन जातो. एक खेप चुकली न्हाई." त्या कॅप्सूल तिला सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायच्या. सर कोड्यात पडले. इतकं नियमित औषध असताना इतकं लोह साचत नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"या कॅप्सूल चालू असल्या की लघवी लालसर होते. लोह त्या वाटेनं बाहेर पडतं. हिची होते का, विचारा. मी विचारलं तर बाई लाजून काहीही सांगेल."

मी तिला कपडे बदलायच्या खोलीशी नेलं. दीपाली आत केस बांधत होती. मी हळूच विचारलं, "कौशल्याबाई, हिला लघवीला लाल होतं का?"

आणि तिचा चेहरा खुलला. मी तो चेहरा कधी विसरणार नाही. परीक्षेत नेमका येणारा प्रश्न आल्यावर पोरांचा खुलतो तसा.

"व्हायची पैलं. आता न्हाई. आता एकदम पान्यावानी. म्या बंद केलं न्हवं का ते!"

"काय बंद केलं?"

"ती गोळी. तिच्यानंच व्हायचं."

मी म्हटलं, बसा. आम्ही तिथंच बाकावर बसलो. तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता, कारण लपवण्यासारखं काही केलंय असं तिला वाटतच नव्हतं. वर्षापूर्वी डॉक्टरांनी या नव्या कॅप्सूल सुरू केल्या. आठवड्याभरात दीपालीच्या कपड्यावर लाल डाग दिसला. वर्गातल्या सगळ्या पोरी शहाण्या होऊन वर्षं झाली होती, हिचं काहीच नव्हतं. आईला वाटलं, आलं एकदाचं न्हाण.

"म्या तिला पाटावर बसवलं ताई. नवं लुगडं न्हवतं, माजंच जरीचं नेसवलं. जावांना बोलावलं, ओटी भरली, गूळ-खोबरं वाटलं. लय वर्सांनी घरात असं कायतरी झालतं. आन दुसऱ्या दिवशी पोरगी म्हनती, आई, ते तसलं न्हाई, लगवीच लाल व्हायलीय." ती थांबली. "समद्या वाड्यात हासं झालं. म्या चार दिवस नळावर गेले न्हाई."

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला की ही नव्या गोळीची करणी.

"आता तुमीच सांगा. आमी इतक्या लांबून यायचं. कोन कुठला मानूस, त्यानं सवताचं रगत काढून पिशवीत भरून ठिवायचं. ते माज्या लेकराला चढवायचं. आन ती गोळी ते समदं लगवीतून मोरीत काढून देनार? लोकायनं दान दिलेलं रगत हाय ते. अन्न सांडलं तर पाप लागतं, आन हे तर रगत. म्या म्हनलं, न्हाई व्हऊ द्यायचं."

"डॉक्टरांना का नाही विचारलं?"

"काय म्हनून इचारू? पोरीला न्हाण आलं समजून ओटी भरली, असं पुरुषमानसाला सांगू? आन गोळी घेत न्हाई म्हनलं तर रगत बी बंद करतील, अशी भीती. म्हनून महिन्याच्या महिन्याला गोळ्या घेऊन जायची आन फडताळात ठिवायची. टाकल्या न्हाईत बरं का. सरकारची वस्तू हाय."

 वर्षभर. घरात औषध, फडताळात, हाताच्या अंतरावर. आणि अशा आईनं बंद केलेलं, जिनं लेकीची रक्ताची एक फेरी चुकवली नव्हती. निष्काळजी बाई असती तर मी भांडले असते. हिच्यावर रागही धड येईना.

मी तिला विचारलं, "लोखंडी तवा रात्रभर पाण्यात राहिला तर सकाळी पाणी कसं होतं?"

"लाल."

"ते रक्त असतं का?"

"न्हाई, गंज असतो."

"दीपालीच्या लघवीतून तेच जात होतं. रक्त जात नव्हतं. अंगात साचलेलं लोखंड जात होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजे ते जायाला पायजे व्हतं."

"हो."

"आन म्या अडवलं."

मी मान हलवली. एवढ्यात तिनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली.

"ताई, म्या वार्डात बी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"लगवी लाल व्हायली तर गोळी बंद करा म्हनून. ज्यांची ज्यांची लेकरं ह्या गोळीवर हायेत, समद्यांना. पालमच्या वैशालीला तर म्या लय समजावलं. ती ऐकत न्हवती. म्हनली, डॉक्टर रागवतील. म्या तिला म्हनलं, डॉक्टरनं पोर जन्माला घातलंय का तू?"

 वॉर्डात डॉक्टर बोलतात ते बायका ऐकून घेतात, पण खरं धरतात ते मावशीचं. मी स्वतः तिथं असते तर मीही तिचंच ऐकलं असतं. दीपाली कपडे बदलून बाहेर आली होती, दारात उभी राहून तिनं शेवटचं सगळं ऐकलं होतं.  ती आईजवळ आली, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल, मला भूक लागलीय."

सरांनी तिथूनच बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्याच दिवशी दीपालीला दाखल केलं. चामडीखाली बारीक सुई आणि छोटा पंप लावून रात्रंदिवस औषध सोडायचं, सोबत त्या कॅप्सूल, असा इलाज ठरला. घरीही पंप तसाच चालू ठेवायचा. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, तारीख तेव्हाच लिहून दिली. डॉक्टर म्हणाले, वेळ हातात मिळाला तर हृदयातलं लोह निघतं, हृदय सुधारतं. मिळाला तर.

पुढच्या रक्त भरायच्या दिवशी फोटोंची सीडी द्यायला मी वॉर्डात गेले होते. सीडी काय, कुणीही नेऊन दिली असती. पण माझं घरी लक्ष लागेना. कॉटाकॉटावर मुलं, प्रत्येकाच्या हाताला लाल नळी, आया उशाशी. कौशल्याबाई मधल्या वाटेत उभी राहिली. तिला नेहमीसारखं हळू बोलताच येईना, ती ओरडूनच बोलली.

"बायांनो, म्या तुमाला खोटं सांगितलं. जानून न्हाई सांगितलं, पर खोटं हाय ते. ती गोळी चालू करा. आजच करा. लगवी लाल व्हऊ द्या. लालच झाली पायजे. न्हाई झाली तर डॉक्टरला सांगा. माज्या पोरीचं काळीज गंजलंय. ह्या ताईंनी फोटो काढलाय, इचारा त्यांना."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी फक्त हो म्हणाले. कुणी रडायला लागलं, कुणी लेकराला घट्ट धरलं. एक तरणी बाई उठून कौशल्याबाईच्या पुढ्यात आली. ती पालमची वैशाली. तिची आराध्या तिसरीत होती.

"मावशी, मी नको म्हनत होते. तुमी माज्याकडून बंद करून घेतली." तिनं कॉटवरच्या लेकीकडं बोट केलं. "माज्या लेकराला काय झालं तर तुमाला सोडनार न्हाई मी."

कौशल्याबाई म्हणाली, "सोडू नको." दीपाली कॉटवर बसून हे बघत होती, एका हाताला रक्ताची नळी, पोटाला पंपाची. तिनं मला हात केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "म्याडम, आईला कुनीतरी च्या पाजा. सकाळपासून तिनं काई घेतलं न्हाई."

त्यानंतर दोन-तीनदा निरोप आला की पोरगी बरी आहे, पंप कमरेला बांधून कॉलेजात जाते, पोरींना सांगते हा माझा दुसरा मोबाईल. मीही माझ्या कामाला लागले. मणके, गुडघे, डोकी. रोज नवी माणसं येतात, माणूस कुणाकुणाला लक्षात ठेवणार. पण सहा महिन्यांनी यादीत दीपालीचं नाव दिसलं तेव्हा सकाळपासून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आकडा आठ झाला असेल, कदाचित नऊ. मी दार उघडून मोठ्यानं हाक मारली, "दीपाली! ये, बुडी मारायला ये!"

बाकावरून कौशल्याबाई उठली. तिच्या मागं वैशाली आणि आराध्या होत्या. मी त्यांच्या मागं बघत राहिले.

"दीपाली कुठंय?"

"गेली ताई."

मला आधी वाटलं, कॉलेजला गेली. खरंच तसं वाटलं. मी "आज का पाठवलं?" असं विचारलंसुद्धा. कौशल्याबाईनं नुसती मान हलवली आणि मग माझ्या लक्षात आलं. 

तिनंच सांगितलं. पंधरा दिवसांमागं ताप आला, छाती धडधडायला लागली. गाडी करून परभणीला आणत होते. अर्ध्या वाटेत पोरगी म्हणाली, "आई, ठोकं चुकायलेत," आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

"पंप चालूच व्हता ताई. ती गेली तरी तो आवाज करीत व्हता. बंद कसा करत्यात ते मला कुनी सांगितलंच न्हवतं."

मी तिला बसा म्हटलं. ती बसली नाही. तिनं आराध्याला पुढं केलं.

"आज दीपाचा नंबर हाय न्हवं? तो वाया जाऊ देऊ नका. त्या नंबरावर हिला घ्या. डॉक्टरची चिठ्ठी आनलीय म्या."

मी आराध्याला आत नेलं.  पोर घाबरट होती. श्वास धरायची, सोडायची, मध्येच रडायची. फोटो हलले, पुन्हा घेतले, पुन्हा हलले. शेवटी एकदाचे जमले. मी पडद्याकडं बघायला घाबरत होते, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. स्नायू करडा होता, मग थोडा गडद, मग आणखी गडद. काळा पडला, पण सावकाश. सरांनी आकडा काढला, तेरा. लोह होतं. पण वेळही होता.

बाहेर दोघी उभ्याच होत्या. "रिपोर्ट सर देतील" हे वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. म्हटलं, "लोह आहे, पण निघेल. औषध एक दिवसही चुकवू नका."

 वैशाली तोंडावर पदर धरून रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "चुकत न्हाई ताई. मावशी चुकू देतच न्हाईत. त्या दिवशीपासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. गोळी दिली का, लाल झाली का. रोज. दीपा गेली त्या दिवशी बी आला व्हता."

मी कौशल्याबाईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली, जणू पुन्हा काहीतरी चुकलं होतं.

"मग काय करू?" ती म्हणाली. "ह्या लेकराचा गोळीचा टाइम झाला व्हता."